ब्रीशाच्या टेबलावरची मंडळी

आमच्या घरात चहाची किटली तासाला पाच मिनिटं कमी असतानाच चढते. बाराला पाच कमी, एकला पाच कमी, चारला पाच कमी. मधल्या वेळी कुणाचा घसा सुकला तर त्याने नळाचं पाणी प्यावं. एकदा चर्चचे पाद्रीबाबा सव्वातीनला आले आणि पावणेचारपर्यंत कोरड्या तोंडाने बसून निघून गेले. मी दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाले, "जूअन, तुझी बायको फार शिस्तीची आहे." मी म्हटलं, "तुम्ही आणखी दहा मिनिटं थांबला असतात तर तिची मायाही दिसली असती."

ही सवय ब्रीशाने नोकरीतून आणली. बेटाच्या राजधानीत, डग्लसला, ऑनलाइन पोकरच्या एका कंपनीत ती स्पर्धा चालवायची. म्हणजे स्वतः पत्त्याला हात लावायचा नाही, लावणाऱ्यांवर नजर ठेवायची. जगभरचे खेळाडू एकाच वेळी उठावेत म्हणून सगळ्या स्पर्धांना एकदमच सुट्टी, तासाला पाच कमी असताना. एखाद्या रविवारी तिच्या नजरेखाली इतकी माणसं खेळत की आमच्या अख्ख्या बेटाची वस्ती त्यात मावली असती, आणि सुट्टी झाली की ती सगळी एकदम लघवीला उठत. राजालाही हे जमायचं नाही. मी तिला तसं म्हणायचो, आणि ती म्हणायची, "राजाला नियम लिहून द्यायला कुणी नसेल."

नियम हा तिचा जीव. तिच्या आईचं डग्लसच्या समुद्रकाठी पाहुण्यांचं घर होतं. जेवण सहाला, दार दहाला बंद, वाळू पायरीवर झटकायची, असं भिंतीवर लिहिलेलं. त्या भिंतीखाली ही पोरगी वाढली. कंपनीत तिला भांडणं सोडवायला बसवलं तेव्हा ती माहेरी गेल्यासारखी खुलली. लोक चिडून काय काय लिहायचे. ब्राझीलमधला कुणी गडी नाव नोंदवून झोपी गेला आणि जागा झाला तो थेट बक्षिसात. बाकीचे खवळले. झोपलेल्या माणसाला बक्षीस कसं? ब्रीशाने प्रत्येकाला एकच उत्तर धाडलं: खुर्ची भरलेली आहे, माणूस झोपला म्हणून ती रिकामी होत नाही.

हे कसं होतं ते सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं. पोकरच्या प्रत्येक डावात पत्ते बघायच्या आधीच दोघांना सक्तीने पैज लावावी लागते, एकाला लहान, शेजारच्याला तिच्या दुप्पट मोठी. ही पाळी टेबलाभोवती फिरत राहते. स्पर्धा कधीतरी संपावी म्हणून सक्तीची पैज ठरावीक वेळाने वाढत जाते. जो हजर नाही त्यालाही यंत्र पत्ते वाटतं, त्याची पैज त्याच्या ढिगातून उचलून लावतं, आणि बोलायची वेळ आली की त्याच्या वतीने पॅक करतं. असा माणूस हळूहळू झिजतो आणि संपतो. पण त्याची मोठी पैज असताना इतर सगळे आधीच पॅक झाले, तर मधलं सगळं त्याचं.

ब्रीशा निवृत्त झाली आणि घरात माझ्यावर नियम चालवायला लागली. मी जन्मभर हेरिंग मासे धुरावण्याचं काम केलेला माणूस, माझ्या कपड्यांना नियम कळत नाहीत. तेव्हा आमच्या पील गावच्या क्लबनेच मला वाचवलं. क्लब म्हणजे चर्चमागची एक खोली, आणि तिथल्या जुन्या सभासदांतले निम्मे परदेशी गेलेले. ब्रीशाने त्या सगळ्यांना एका साइटवर खाजगी टेबल मांडून दिलं. हिवाळाभर दर रविवारी दुपारी बाराला. क्लीव्हलंडवाले सकाळच्या कॉफीवर, ॲडलेडवाले रात्रीचं जेवण उरकून, आणि आम्ही पीलवाले चर्चहून आल्या आल्या. खेळायच्या त्या चिप्स, पण पीलमध्ये चिप्स म्हटलं की लोकांना तळलेला बटाटा, त्यावरचं चीज आणि ग्रेव्ही आठवते आणि खेळावरचं लक्ष उडतं, म्हणून ब्रीशा त्यांना चकत्या म्हणते. जिंकणाऱ्याला किपरचा, म्हणजे धुरावलेल्या हेरिंगचा, एक डबा. तो माझ्या हातचा असल्याने बक्षीस मोठंच म्हणायचं.

पहिल्याच रविवारी तिने एक खुर्ची मंडळींच्या नावाने ठेवली. मंडळी म्हणजे कोण ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. कॅसलटाउनच्या रस्त्यावर जो पूल आहे त्याच्या पाटीवर पऱ्यांचा पूल असं लिहिलंय, ते पाहुण्यांसाठी. आम्ही नाव घेत नाही. पुलावरून जाताना मान झुकवून नमस्कार म्हणायचं आणि पुढे जायचं, बसच्या ड्रायव्हरपासून न्यायाधीशापर्यंत. ब्रीशाची आई रात्री ओट्यावर त्यांच्यासाठी पाणी ठेवायची. टेबल मांडायचं आणि त्यांना बोलवायचं नाही, हे ब्रीशाला पटेना. "जागा असू दे," ती म्हणाली. "खेळणार नाहीत, पण बोलावलं नाही असं व्हायला नको." मंडळी दर रविवारी झिजत झिजत संपायची आणि कुणाचं काही बिघडायचं नाही.

बिघडवलं ते करमोड खाटकाने. एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी मंडळी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आली. मंडळींची मोठी पैज लागली की हा गडी बोली वाढवायचा, यंत्र त्यांना पॅक करायचं, आणि हा चकत्या ओढायचा. दर पाळीला. वर चॅटमध्ये लिहायचा, "फुकट जेवण, मंडळी." त्याच रात्री त्याचा फ्रीजर बंद पडला. सकाळी आख्खं दुकान वासाने भरलेलं, आणि करमोड दुकानाच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसलेला. मी अंधश्रद्ध माणूस नाही. फ्रीजर जुना होता, वायर कुजलेली होती, हे मला माहीत आहे. पण पुढच्या रविवारी मंडळींच्या मोठ्या पैजेला टेबलावरच्या एकूण एक माणसाने पॅक केलं, आणि सगळ्यांत आधी करमोडने.

आणि पुढचा रविवार म्हणजे साधासुधा नव्हता. त्या दिवशी परतीचं तिकीट होतं.

क्लबने वर्षभर केक विकून एका माणसाला परदेशातून घरी आणण्याइतकं जमवलं होतं. जुलैच्या पाच तारखेला सेंट जॉन्सच्या टेकडीवर आमचं सरकार उघड्यावर बसतं, वाटेवर लव्हाळे अंथरतात, छातीवर बोलन बेन या रानझुडपाची डहाळी लावून सगळं बेट जमतं. त्या दिवसासाठी एकाला घरी आणायचं. पीलमधला कुणी जिंकला तर त्याने आपला परदेशातला माणूस सांगायचा. करमोड म्हणाला, "मी जिंकलो तर कुणाला आणू? मेहुणा कॅनडाला गेला तेव्हा मी चर्चमध्ये आभाराची मेणबत्ती लावली होती."

ब्रीशाला एकच माणूस हवा होता. तिची मोठी बहीण आलिश. ॲडलेडला लग्न करून गेली ती एकदाही परतली नाही. आता नवरा गेलेला, मुलं पांगलेली. ब्रीशाने किती वेळा तिकीट पाठवते म्हणून सांगितलं, पण आलिश म्हणजे ताठ कण्याची. "माझ्या धाकट्या बहिणीच्या पैशाने मी घरी येऊ? आईने काय म्हटलं असतं?" ब्रीशा फोन ठेवायची आणि भांडी जोरात घासायला घ्यायची. जिंकलेलं तिकीट मात्र आलिशला चालणार होतं. जिंकलेलं ते आपलं, त्याला कोण काय म्हणणार?

म्हणूनच ब्रीशाने स्वतःभोवती कुंपण घातलं. चालवणाऱ्याच्या घरचा कुणी खेळणार नाही. म्हणजे मी बाद. बहिणीचं काय, असा प्रश्न क्लबात निघाला. करमोड म्हणाला, "आलिशला खेळू दे, पण रविवारी तुम्ही दोघींनी एकमेकींशी अवाक्षर बोलायचं नाही." ब्रीशा म्हणाली, "तो नियम मी हिवाळ्यापासूनच पाळतेय." आणि खरंच पाळत होती. शनिवारी तासभर फोन, रविवारी तोंडावर पट्टी.

तो रविवार मे महिन्यातला होता, ऊन इतकं लख्ख की किल्ल्याचे लाल दगड स्वयंपाकघरातून दिसत होते. ब्रीशा पुढच्या खोलीत दार लावून बसली. आत कुणी यायचं नाही. तिने माझा फोन काढून पावाच्या डब्यात ठेवला आणि डबा खोलीत नेला. "तू काही करणार नाहीस हे मला माहीत आहे," ती म्हणाली, "आणि करशील हेही माहीत आहे." करमोड तासाभरातच हरून आमच्या स्वयंपाकघरात आला, आपला लॅपटॉप टेबलावर उघडला आणि माझी बिस्किटं खाऊ लागला.

"मंडळी कशी आहेत?" मी विचारलं.

"आहेत तशी आहेत," तो म्हणाला. "कुणी हात लावायला तयार नाही."

मंडळींची लहान पैज असली की यंत्र त्यांना पॅक करायचं आणि तेवढं जायचं. पुढच्या पाळीला मोठी पैज असली की सगळे पॅक व्हायचे आणि तेवढंच परत यायचं. इकडचं तिकडे. ढीग जराही हलला नाही. बाकीचे एकमेकांना खाऊन संपत होते आणि मंडळी आपली शांत बसून. परदेशातले लोक तर आमच्यापेक्षा कडक. क्लीव्हलंडचा फिनलो दंतवैद्य तिकडेच जन्मला, त्याने पूल फोटोतच पाहिलेला, पण मंडळींसमोर पॅक करताना दर वेळी "माफ करा" लिहायचा. बिचाऱ्याला एवढं मात्र माहीत नव्हतं की बिळात राहणाऱ्या, लांब शेपटीच्या त्या प्राण्याचं नाव बेटावर घेत नाहीत. त्याने आपल्या दवाखान्यातल्या पिंजऱ्याची गोष्ट चॅटमध्ये लिहिली आणि ब्रीशाने त्याला एका तासासाठी गप्प केलं. तो तिसरा येऊन बाहेर पडला तरी त्याला काही बोलता आलं नाही.

राहिले दोघं. एकीकडे आलिश, तिच्यापुढे चकत्यांचा डोंगर. दुसरीकडे मंडळी, सुरुवातीला दिला होता तेवढाच ढीग.

"जिंकली," मी म्हणालो.

"कशी जिंकली?" करमोड म्हणाला. "बघ ना."

आलिश दर दुसऱ्या डावाला पॅक करत होती. मंडळी सोडतील तेवढं घ्यायची, आणि स्वतःची पाळी आली की सोडून द्यायची. तिने चॅटमध्ये लिहिलं, "मी त्यांच्या ताटातलं ओढणार नाही. मला त्याच बेटावर उतरायचंय."

तीनला पाच कमी असताना दार उघडलं आणि ब्रीशा किटली चढवायला आली. चेहरा दगडासारखा. करमोड तिच्यामागे लागला. "ब्रीशा, अगं, मंडळींचं नाव काढून टाक ना. एक बटण तर दाबायचंय."

"पत्ते वाटल्यावर कुणाची खुर्ची काढता येत नाही."

"मग आलिशला सांग, एकदा बोली वाढव म्हणावं. एकदाच."

"एका डावात एकच डोकं. बाहेरच्याने सांगायचं नाही. आणि मी तर नाहीच नाही."

"तिने यावं असं तुला वाटत नाही का?" मी म्हणालो. बोललो आणि लगेच वाटलं की बोलायला नको होतं. ब्रीशाने माझ्याकडे बघितलं. दोन कप ओतले, एक माझ्यापुढे सरकवला, दुसरा घेऊन परत गेली. चहा टेबलावर सांडला होता. तिच्या हातून चहा सांडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

करमोड बोटं मोजत काहीतरी पुटपुटत होता. मग म्हणाला, "थांब. पैज वाढतेय ना. वाढत वाढत लहान पैजच मंडळींच्या ढिगापेक्षा मोठी होईल. मग त्यांचं सगळं आपोआप मध्ये जाईल. यंत्राला पॅक करता येणार नाही, आलिशलाही काही दाबावं लागणार नाही. पत्ते उघडे पडतील आणि जे होईल ते होईल. कुणी ओढलं नाही, कुणी लुबाडलं नाही."

"हे ब्रीशाला माहीत असेल?"

"ती कशाची वाट बघतेय असं तुला वाटतंय?"

तसंच झालं. पैज वाढली आणि मंडळींचा सगळा ढीग मध्ये गेला. आलिशकडे दोन राण्या. मंडळींकडे तिर्री आणि अठ्ठी, तीही वेगळ्या रंगांची. करमोडने टेबलावर थाप मारली. मग मधले पत्ते पडले, त्यात एक तिर्री, आणि शेवटी आणखी एक. तीन तिर्र्या, मंडळी जिंकली. ढीग दुप्पट.

आम्ही दोघंही लॅपटॉपपासून जरा मागे सरकलो, हे खरं आहे.

मग आलिशने लिहिलं. "त्यांना मी नको आहे. गेले त्या दिवशी मी पुलावर नमस्कार बोलले नव्हते. गाडीत रडत होते, मान वर केलीच नाही. पूल मागे गेल्यावर आठवलं, आणि विमानाची वेळ झाली होती. इतकी वर्षं येणं जमलं नाही ते उगाच नाही."

करमोडने बिस्कीट खाली ठेवलं. मला आलिश आठवली, लाल कोट घातलेली, गाडीच्या मागच्या सीटवर. गाडी मीच चालवत होतो. मी बोललो होतो पुलावर. मागे वळून तिला सांगायला हवं होतं, ते सुचलं नाही. तिने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ब्रीशालाही नाही.

सावकाश पैज पुन्हा चढत होती. आलिश पॅक करत होती, पण आता हरलेल्या माणसासारखी, पत्ते न बघता. पुढची सुट्टी झाली. मी किटलीजवळ उभा राहिलो, पण दार उघडलं नाही. पहिल्यांदाच किटली मी चढवली. मग चॅटमध्ये संचालकाच्या, म्हणजे ब्रीशाच्या, नावाने मोठ्या अक्षरांत निकाल आला, सगळ्यांना मिळून, एकट्या कुणाला नाही.

"सर्व खेळाडूंसाठी निकाल. मंडळींना नमस्कार करायला वेळेची मर्यादा नाही. उशीर झालेला नमस्कार वेळेवर आलेला धरला जाईल. तो कोणत्याही ठिकाणाहून करता येईल. हा निकाल अंतिम आहे."

करमोडने तो मोठ्याने वाचला आणि नाक पुसलं. म्हणाला, "असा नियम कुठे आहे?"

"आता आहे," मी म्हणालो.

आलिशने नंतर सांगितलं की निकाल वाचून ती अंगणात गेली, कारण घरातून बोलणं बरं वाटेना. तिकडे सगळी वस्ती झोपलेली. ही बाई नाइटगाऊनवर उभी राहून उत्तरेकडे मान झुकवून बोलली, आणि शेजाऱ्याचा कुत्रा भुंकायला लागला. मग आत येऊन तिने टाइप केलं: "नमस्कार, मंडळी. उशीर झाला. मी आलिश."

पैज वाढली. मंडळींचा ढीग परत सगळाच्या सगळा मध्ये. या वेळी मंडळींकडे दोन एक्के, आणि आलिशकडे चौकी आणि पंजी. मी डोळे मिटले. करमोड एकेक पत्ता सांगत होता. "छक्की. राजा. सत्ती." मग थांबला. "दुर्री." आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले तर तो उभा होता आणि शेवटच्या पत्त्यावर बोट ठेवून होता. तिर्री. तिर्री, चौकी, पंजी, छक्की, सत्ती, ओळीने पाच, दोन एक्क्यांना भारी.

पुढच्या खोलीचं दार उघडलं. ब्रीशा बाहेर आली, पावाचा डबा टेबलावर ठेवला, आणि खुर्चीत बसून एखाद्या पोरीसारखी हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती. मग डब्यातला माझा फोन वाजला.

"तू काही केलं नाहीस ना?" आलिशने विचारलं. एवढ्या मोठ्याने की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"मला काही करता आलं असतं तर तू केव्हाच आली असतीस," ब्रीशा म्हणाली. "सामान कमी आण. इथे थंडी आहे, माझे स्वेटर आहेत."

दुसरं बक्षीस किपरचा डबा होतं, आणि दुसरे कोण आले होते हे तुम्हाला ठाऊक आहे. ब्रीशा म्हणाली, बक्षीस आठवड्याच्या आत पोचतं करायचं. मी म्हटलं, "पुलाखाली डबा ठेवू? शेपटीवाले खातील." ती म्हणाली, "कोण खातं ते बघणं आपलं काम नाही. पोचवणं आपलं काम." तेव्हा मी सोमवारी सकाळी माझ्या हातचे उत्तम किपर घेऊन गेलो, पुलाच्या कठड्याखाली ठेवले, आणि दोन पावलं मागे येऊन अभिनंदन केलं. तेवढ्यात शाळेची बस गेली. बसमधली सगळी मुलं मान झुकवून नमस्कार म्हणाली, आणि मलाही म्हणाली.

जूनच्या अखेरीस आलिश आली. विमानतळावरून पीलला यायला जवळचा रस्ता दुसरा आहे, पण कुणी काही न बोलता मी पुलाकडे वळलो. आलिश मागच्या सीटवर होती, तीच जागा. मी गाडी थांबवली. ती उतरली, कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. काय बोलली ते आम्ही ऐकलं नाही. काच खाली करून ऐकू लागलो होतो, तर ब्रीशाने माझा कान धरला.

घरी आल्यावर दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसल्या आणि नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मी घड्याळाकडे पाहिलं. पाचला पाच कमी. ब्रीशा उठायच्या आत आलिश उठली, किटली चढवली, चहाचा डबा न विचारता बरोबर फळीवरून काढला.

"तुला कसं ठाऊक वेळ झाली ते?" मी विचारलं.

"हिवाळाभर मी तिकडे याच मिनिटाला चहा करतेय," आलिश म्हणाली. "सुट्टी झाली की. बोलायचं नव्हतं ना. मग मी दोन कप करायचे, एक माझा आणि एक समोर ठेवायचा. ही इकडे तेच करत असणार, हे मला माहीत होतं."

मी ब्रीशाकडे पाहिलं. ती खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. हिवाळाभर दर रविवारी ती दोन कप ओतायची आणि एक माझ्यापुढे सरकवायची. मी तो प्यायचो. बायकोला आपली काळजी आहे म्हणून मनातल्या मनात फुगायचो, आणि करमोडलाही सांगितलं होतं.

आलिशने दोन कप ओतले. एक ब्रीशापुढे ठेवला, दुसरा घेऊन माझ्या खुर्चीत बसली. मी उठलो आणि नळाचं पाणी घेतलं. असं गार, गोड पाणी मी आमच्या नळाचं कधी प्यायलो नव्हतो.